शुक्रवारी रात्रीची मॅच आणि ज्यू शाळेतली मुलं

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत शाळेतले खेळ आणि धर्म यावर जो लेख आला होता तो इथे अमेरिकेतल्या आमच्या मराठी ग्रुपवर दोन दिवस फिरतोय आणि मला तीन जणांनी वेगवेगळा पाठवला, कारण मी न्यू जर्सीत एका ज्यू हायस्कूलमध्ये गणित शिकवते. मी स्वतः ज्यू नाही, आमच्याकडे सायन्स-गणित-इंग्लिशला माझ्यासारखे बाहेरचे बरेच शिक्षक आहेत. लेखाचा सूर असा की ही ज्यू मंडळी सणवार इतके पाळतात की पोरांचा खेळ बुडतो, आपल्याच भिंतीआड राहतात आणि बाहेर आली की कोर्टात जाऊन सगळ्यांचं वेळापत्रक बदलून घेतात. उदाहरण म्हणून टेक्सासची २०१२ची गोष्ट दिलीय पण ती अर्धीच दिलीय, म्हणून हे पत्र.

ह्यूस्टनच्या बेरेन अकॅडमीची मुलांची बास्केटबॉल टीम त्या वर्षी खासगी शाळांच्या राज्य स्पर्धेत सेमीफायनलला पोचली. छोटी ऑर्थोडॉक्स, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारी शाळा, इथपर्यंत येणं म्हणजे मोठीच गोष्ट. मॅच लागली शुक्रवारी २ मार्चला रात्री ९ वाजता. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो शुक्रवारी सूर्यास्ताला आणि संपतो शनिवारी अंधार पडल्यावर, त्यात ही मुलं खेळणार नाहीत हे आयोजकांना आधीपासून माहीत होतं. शाळेने वेळ बदलून मागितली, स्पर्धा घेणाऱ्या संघटनेने नाही म्हटलं, शाळा म्हणाली ठीक आहे, मग आम्ही मॅच सोडतो. शाळा कोर्टात गेलीच नाही! गेले ते काही खेळाडू आणि त्यांचे पालक, तेही मॅचच्या आदल्या दिवशी, आणि न्यायाधीशांनी काही निकाल द्यायच्या आतच संघटना नरमली. सेमीफायनल शुक्रवारी दुपारी २ला झाली, फायनल शनिवारी रात्री ८ला. समोरची डॅलसची कव्हेनंट स्कूल ख्रिश्चन शाळा आहे आणि ती वेळ बदलायला पहिल्यापासून तयार होती, हे लेखात कुठेच नाही. बेरेनने ती मॅच ५८-४६ जिंकली आणि फायनल ४६-४२ने हरली. म्हणजे 'कोर्टाच्या जोरावर ट्रॉफी' वगैरे जे छापलंय ते साफ चुकीचं आहे.

आणि एक, ही संघटना रविवारी मॅच ठेवतच नव्हती, कारण तिच्यातल्या बहुतेक शाळा ख्रिश्चन. म्हणजे एका धर्माची सुट्टी वेळापत्रकात आधीच बसवलेली होती, ती कुणाला दिसत नाही, दुसऱ्याने मागितली की लगेच हट्ट.

आता शुक्रवार आमच्याकडे प्रत्यक्षात कसा असतो ते सांगते. डिसेंबरात इथे साडेचारच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणून थंडीच्या दिवसांत शुक्रवारी शाळा दुपारी एक-दीडलाच सुटते, तास पस्तीस-पस्तीस मिनिटांचे, शेवटच्या तासाला मुलांचं अर्धं लक्ष बसकडे. बाकीचे चार दिवस सकाळची प्रार्थना, मग हिब्रू भाषा आणि तालमूद या धर्मग्रंथाचे तास, मग आमचे विषय, सुटायला पाच वाजून जातात आणि त्यानंतर प्रॅक्टिस. जिममधून साडेसातला निघणारी मुलं दुसऱ्या दिवशी माझ्या पहिल्या तासाला बसतात, ती झोपली तर मी रागावत नाही, रागावले तरी ती जागी होत नाहीत. मॅच सोमवार ते गुरुवार, नाहीतर शनिवारी रात्री, नाहीतर रविवारी. त्यात शनिवार रात्रीची मॅच म्हणजे खरी मजा, शब्बाथ संपला की तासा-दोन तासात जिम भरतं, आजीआजोबा, कडेवरची पोरं, प्राथमिक शाळेतली भावंडं सगळी येतात, पंचवीस तास फोन-गाडी-टीव्ही काही नसल्यामुळे सगळ्यांना बाहेर पडायची घाईच झालेली असते. किप्प्याला, म्हणजे डोक्यावरच्या छोट्या गोल टोपीला, दोन-दोन क्लिपा लावून पोरं कोर्टवर उतरतात आणि तरी हाफटाइमपर्यंत एखादा किप्पा जमिनीवर सापडतोच.

सणांचं तर विचारूच नका. आपल्या अधिक मासासारखा त्यांच्याकडेही जादा महिना येतो, १९ वर्षांत ७ वेळा, त्यामुळे सण कधी सप्टेंबरच्या सुरुवातीला तर कधी ऑक्टोबरात. शाळा नुकतीच सुरू झालेली असते, मुलांना कुठे त्रिकोणमिती समजायला लागते की रोश हशाना म्हणजे त्यांचं नवं वर्ष, दहाव्या दिवशी योम किप्पूर हा उपासाचा दिवस, लगेच सुक्कोत हा मांडवांचा सण, तो आठवडा आणि पुढचे दोन दिवस, महिनाभर एक सलग आठवडा शिकवायला मिळत नाही. नवीन शिक्षक पहिल्या वर्षी रडकुंडीला येतात. सुक्कोतला शाळेच्या अंगणात मांडव उभा राहतो, वर फांद्या, छप्पर इतकंच दाट की सावली पडावी पण रात्री तारे दिसावेत, आणि शाळेच्या दिवशी डबा त्यातच बसून खायचा, गारठा असला तरी. वसंतात पेसाखच्या सणाआधी लॉकर साफ करायचा दिवस असतो कारण पाव-बिस्किटाचा कण राहायला नको, तेव्हा बास्केटबॉल टीमच्या लॉकरमधून जे निघतं ते बघण्यासारखं असतं, चुरा झालेले ग्रॅनोला बार, एकदा तर हिवाळ्यातल्या हनुक्का सणाचा जॅमचा डोनट निघाला, दगड झालेला. पुरीमच्या सणाला मुलं शिक्षकांची सोंगं घेतात. एका मुलीने माझा चष्मा, माझी ओढणी आणि माझं 'ओके, सो' इतकं हुबेहूब उचललं होतं की प्रिन्सिपल मलाच विचारत होते, हिला शिकवलंस का तू.

एकदा मी मुलांबरोबर शब्बातोनला गेले होते, म्हणजे सगळी शाळा एका ठिकाणी शब्बाथला मुक्कामी. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांचे फोन बंद. मला बंधन नव्हतं पण दोनशे मुलांमध्ये एकटीने फोन काढून बसणं बरं दिसेना, मीही खोलीत ठेवून दिला. सोळा-सतरा वर्षांची मुलं टेबलावर ताल धरून तास-तासभर गातात, पत्ते-बुद्धिबळ खेळतात, गप्पा तर संपतच नाहीत, आणि शुक्रवारी सकाळी ज्यांचं सीनियर-ज्युनियरवरून भांडण झालं होतं ते दोघे शनिवारी दुपारी एकाच सोफ्यावर लोळत होते. रात्री कॉरिडॉरमधला एक दिवा चुकून बंद झाला. शब्बाथला त्यांना दिवा लावता येत नाही आणि मला सरळ 'लावा' असंही म्हणता येत नाही. एक मुलगा माझ्या दाराजवळ येऊन नुसताच म्हणाला, आज अंधार जरा जास्तच वाटतोय ना. मी लावला.

लेखकाला 'भिंत' दिसली ती मलाही दिसते, खोटं कशाला बोलू. फी कित्येक शाळांत वर्षाला तीस हजार डॉलरच्या वर आहे, तीन मुलं असलेलं साधं कुटुंब त्यात पिचून जातं, मदत मिळते पण ती मागायला सगळा हिशोब उघडा करावा लागतो. मित्र सगळे त्याच समाजातले. मुलींच्या मॅचला मुलांच्या मॅचइतकी गर्दी होत नाही, यावर आमच्या मुली चिडतात आणि बरोबर चिडतात. पण याच भिंतीची दुसरी बाजू सांगते. आमच्या टीममधल्या एका मुलाचे वडील गेले. सात दिवस घरी बसायचं असतं आणि त्याला कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणता यावी म्हणून दहा पुरुष लागतात, तेरा वर्षांपुढचा मुलगा त्यात धरला जातो. त्या आठवड्यात रोज सकाळी पहिल्या बसच्याही आधी अर्धी टीम त्याच्या घरी हजर असायची, तिथून थेट शाळेत, प्रॅक्टिस कुणी रद्द केली नव्हती पण कोचने उशिरा ठेवली. हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, आदल्या रात्री मेसेजवर नावं येत गेली इतकंच.

आणि ही मुलं सगळी एका साच्यातली आहेत असं समजू नका, मॅच शब्बाथला आली तर काय करायचं यावर वर्गात कडाक्याचे वाद होतात. ज्यू बेसबॉल पिचर सँडी कूफॅक्सचं नाव निघतंच, १९६५च्या वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच योम किप्पूरला आली म्हणून तो खेळला नाही, त्याची टीम डॉजर्स हरली, पण सातव्या मॅचला त्यानेच एकही रन न देता सिरीज जिंकून दिली. मग कुणीतरी दुसऱ्या ज्यू बेसबॉलपटूचं, हँक ग्रीनबर्गचं काढतं, तो १९३४ला रोश हशानाला खेळला, दोन होमरन मारले, आणि योम किप्पूरला मात्र सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहात गेला. बाल्टिमोरच्या टमीर गुडमन या बास्केटबॉलपटूने तर हायस्कूलच्या शेवटच्या वर्षासाठी सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट म्हणजे ख्रिश्चनच शाळा धरली, कारण तेही शनिवार पाळतात! आणि अगदी अलीकडचा जेकब स्टाइनमेट्झ, २०२१ला ॲरिझोना डायमंडबॅक्स या बेसबॉल टीमने घेतलेला पिचर, तो शब्बाथला खेळतो पण गाडीत बसत नाही, जवळच्या हॉटेलात राहून मैदानावर चालत जातो. कोण बरोबर कोण चूक यावर आमच्या वर्गात आजपर्यंत एकमत झालेलं नाही. आणि खेळ बुडतो म्हणाल तर न्यूयॉर्कच्या येशिवा या ज्यू युनिव्हर्सिटीची बास्केटबॉल टीम, जिच्यात अशाच शाळांतून गेलेली मुलं असतात, २०२१च्या डिसेंबरपर्यंत सलग ५० मॅच जिंकली होती, शब्बाथला एकही न खेळता.

माझा मुद्दा एवढाच आहे की लेखात दोन तक्रारी एकत्र केल्यात आणि त्या एकमेकींच्या उलट जातात. ही मुलं आपल्यातच राहतात असं म्हणायचं आणि बाहेरच्यांशी खेळायला आली की रात्री नऊची वेळ देऊन परत पाठवायचं. आमची रोजची लीग जवळजवळ सगळी ज्यू शाळांची आहे, तिथे शब्बाथचा प्रश्नच येत नाही, कुणाला काही मागावं लागत नाही. येशिवा युनिव्हर्सिटीत दरवर्षी सॅराचेक स्पर्धा होते, देशभरातल्या ज्यू हायस्कूलच्या टीम येतात, मधला शब्बाथ सगळे एकत्र घालवतात आणि रात्रीपासून परत खेळ. म्हणजे भिंतीच्या आत त्यांची सोय चोख आहे. कव्हेनंटच्या मुलांना भेटायचं तर राज्य स्पर्धेतच यावं लागतं आणि तिथेच दार लावलं तर पुढच्या वर्षी ती शाळा अर्जच करणार नाही.

यासाठी काही मोठा कायदा लागत नाही. या सणांच्या तारखा कितीतरी वर्षं आधी कळतात, योम किप्पूर २०२६ला २१ सप्टेंबरला आहे आणि २०२७ला ११ ऑक्टोबरला, दोन्ही आदल्या संध्याकाळी सुरू होतात. ड्रॉ काढणाऱ्याने ऑगस्टमध्ये एकदा कॅलेंडर उघडलं आणि टीमना विचारलं की कुणाला कुठली वेळ चालत नाही तर मार्चमध्ये वकील शोधावे लागत नाहीत. तुमच्या लेखकांना या विषयावर परत लिहायचं असेल तर एखाद्या शनिवारी रात्री आमच्या जिममध्ये यावं, मी त्यांना आत घेऊन जाईन, फक्त शब्बाथ संपायच्या आत फोन करू नये, कुणी उचलणार नाही.

आपली,
एक गणित शिक्षिका
न्यू जर्सी, अमेरिका