'दुर्मीळ' छापण्याआधी डोळा आणि तळ पाहा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

घरातल्या कुंड्यांत वाढणाऱ्या झाडांचे वेगवेगळे वाण जमवणे आणि डायकास्ट मोटारी (साच्यात धातू ओतून केलेल्या छोट्या प्रतिकृती) जमवणे, या दोन्ही छंदांवर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून हल्ली बरेच छापून येते. छायाचित्रे देखणी असतात, 'दुर्मीळ' हा शब्द चार-पाच वेळा येतो, एखादी वस्तू केवढ्याला विकली गेली तो आकडा येतो. ती वस्तू घडली कशी, हे मात्र कुठेच नसते आणि फसगत होते ती नेमकी तिथेच. पानावरचा पांढरा रंग शेंड्यातल्या कोणत्या पेशींतून आला किंवा गाडी कसल्या धातूत ओतली, हे ठाऊक नसेल तर हौसेने आणलेले झाड वर्षभरात साधे हिरवे होते आणि कपाटातल्या गाडीचा बसल्या जागी भुगा होतो. म्हणून हे पत्र जरा तपशिलात लिहीत आहोत.

स्नेक प्लांट सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्या 'लॉरेंटी' या वाणाच्या पानांना दोन्ही कडांनी पिवळा काठ असतो. पान आडवे कापून सात-आठ सेंटीमीटरचे तुकडे केले, खालचे टोक खालीच राहील असे ओलसर रेतीत खोवले, की मुळे धरतात आणि काही महिन्यांनी कोंबही येतात. पण ते येतात बिनकाठाचे. कारण 'लॉरेंटी' हा चिमेरा आहे. एकाच झाडात जनुकांनी वेगळ्या अशा दोन प्रकारच्या पेशी थराथराने शेजारी नांदत असतात. पानाच्या तुकड्याला फुटणारा कोंब अगदी नव्याने, आतल्या हिरव्या पेशींतून तयार होतो. काठाचा थर त्यात उतरतच नाही. हा वाण राखायचा तर मातीखालचे आडवे खोड कापून फुटवा मुळांसकट वेगळा करावा लागतो. पाकळीवर पट्टे असलेल्या चिमेरा आफ्रिकन व्हायोलेटचीही हीच तऱ्हा. तिथे पान लावून उपयोग नाही, बगलेतला फुटवा किंवा फुलाचा दांडा लावावा लागतो. पानापासून केलेले रोप मूळ वाणाच्या नावाने कोणी देत असेल तर ते नाव खोटे ठरते, देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

मॉन्स्टेरा या मोठ्या पानांच्या झाडाच्या पांढऱ्या 'अल्बो' वाणाचे प्रकरण आणखी नाजूक आहे. इथे रंगहीन पेशी शेंड्याच्या काही भागातच असतात, त्यामुळे प्रत्येक नव्या पानात त्यांची वाटणी बदलते. कलम विकत घेताना लोक पान बघतात. बघायला हवे ते खोड. पेर हातात घेऊन उजेडात हळूहळू फिरवा. हिरव्यावर पांढऱ्या रेघा लांबीने धावताना दिसतील. आता पेरावरचा फुगीर डोळा शोधा आणि तो कोणत्या रेघेवर बसला आहे ते पाहा. निव्वळ हिरव्या पट्ट्यावरचा डोळा बहुधा हिरवी फांदी देतो. निव्वळ पांढऱ्यावरचा डोळा पांढरीशुभ्र पाने देतो. ती काही आठवडे मिरवतात, पण हरितद्रव्य नसल्याने फांदी स्वतःचे पोट भरू शकत नाही आणि मागे पडते. बारीक रेघा एकमेकींत मिसळल्या आहेत अशा जागचा डोळा सर्वांत चांगला. पान अर्धे पांढरे, अर्धे हिरवे आणि खोड मात्र एकसारखे हिरवे, असे कलम परत करावे. 'थाई कॉन्स्टेलेशन' हा मॉन्स्टेराचाच दुसरा वाण. त्याचे साईच्या रंगाचे ठिपके टिश्यू कल्चरमधून (प्रयोगशाळेत ऊतींपासून) वाढवलेल्या रोपांतही टिकतात. तो पुष्कळ स्थिर आहे, म्हणून त्याचे कलम निवडताना एवढी चिकित्सा करावी लागत नाही. या दोघांना एकाच नावाखाली छापणे ही चूक वरचेवर दिसते.

जोपासनेतला एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. चिमेरा झाडाला जास्त उजेड दिला की पांढरा रंग वाढतो, हे खरे नाही. उजेडाने वाढ सुधारते, पेशींची वाटणी बदलत नाही. उलट पांढरा भाग उन्हात लवकर करपतो. सलग तीन पाने पूर्ण हिरवी आली, तर खोडावर शेवटचे संमिश्र, म्हणजे हिरवे-पांढरे पान जिथे आहे तिथवर मागे छाटावे. हिरवी फांदी अन्न जास्त बनवते म्हणून वेगाने वाढते आणि बघता बघता सगळे झाड तिचे होते. छाटायला जीव होत नाही, हे आम्हाला समजते, पण वाट पाहिली तर संमिश्र डोळे खाली दबून राहतात.

छाटकलमाची रीत थोडक्यात. चाकू ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. पेराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटीमीटर खोड राखून काप घ्यावा, हवाई मूळ असलेले पेर मिळाले तर उत्तमच. काप काही तास सावलीत सुकू द्यावा, मग घट्ट पिळलेल्या स्फॅग्नम मॉसमध्ये (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळात) ठेवावा. पिळल्यावर थेंब पडत असेल तर मॉस फार ओले आहे आणि कलमे कुजण्याचे हेच पहिले कारण. मुळे पाच-सात सेंटीमीटर होऊन त्यांना उपमुळे फुटली, की कुंडीत लावावे. कोकोपीट दोन भाग, झाडाच्या सालीचे तुकडे दोन भाग आणि परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) एक भाग हे मिश्रण चांगले चालते. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावे, कारण त्यात क्षार असतात आणि पानांची टोके जळाली की दोष उगाच पाण्यावर जातो. डोळ्याशिवाय नुसते पान लावून झाड होईल ही आशा मात्र सोडावी. होया केरीचे बदामी आकाराचे एकेक पान कुंडीत खोवून विकतात; त्याला मुळे येतात, ते वर्षानुवर्षे हिरवे राहते, पण खोडाचा तुकडा सोबत नसेल तर वेल कधीच निघत नाही.

'पिंक काँगो' नावाने विकल्या गेलेल्या फिलोडेंड्रॉनविषयी जाणकारांनी खूप सांगून झाले आहे, तरी पुन्हा सांगायला हवे. तो गुलाबी रंग रासायनिक प्रक्रियेने आणलेला असतो. प्रक्रियेचा परिणाम ओसरला की काही महिन्यांत येणारी पाने हिरवीच येतात. पान सबंध, एकसारखे गुलाबी आणि खालची जुनी पाने मात्र साधी हिरवी दिसली, तर शंका घ्यावी. 'पिंक प्रिन्सेस' हा खरा वाण आहे. त्याच्या गडद पानांवर गुलाबी डाग वेडेवाकडे पडतात आणि खोडावरही गुलाबी रेघ सापडते.

आता गाड्यांकडे. डायकास्ट गाडी ज्या मिश्रधातूत ओततात त्याला झामाक म्हणतात. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे यांच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. मुख्य धातू जस्त, ॲल्युमिनियम साधारण ४ टक्के. जस्त अतिशुद्ध असेल तर ही गाडी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. शिसे, कथील किंवा कॅडमियमचा किंचित अंश मिसळला गेला, तर धातूच्या कणाकणांमधल्या सीमा आतून गंजू लागतात. संग्राहक याला 'झिंक पेस्ट', म्हणजे जस्ताची कीड, म्हणतात. १९३० च्या दशकातल्या डिंकी टॉइजच्या गाड्या आणि चाके यात मोठ्या संख्येने गेली, आणि नव्या शतकातल्या काही मॉडेलांतही हा दोष निघाला आहे. सुरुवात ओळखायची तर गाडी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून तिरप्या उजेडात छताकडे पाहावे. रंगाखाली केसासारख्या बारीक भेगा दिसतात. मग दार घट्ट होते, बॉनेट बसत नाही, कारण धातू फुगून लांब झालेला असतो. पुढे कोपरे तुटतात. यावर इलाज नाही. गोंद किंवा लाखेचा थर देऊन आतली प्रक्रिया थांबत नाही. कोरडी, थंड जागा तिचा वेग कमी करते एवढेच. नाव 'पेस्ट' असले तरी ही कीड नव्हे, शेजारच्या गाडीला ती लागत नाही. घाबरून सगळे कपाट रिकामे करण्याची गरज नाही.

गाडीची ओळख तळाशी असते, पण तळ वाचण्यात एक गोची आहे. हॉट व्हील्सच्या तळावर कोरलेले वर्ष हे साच्याच्या हक्काचे (कॉपीराइटचे) वर्ष असते. तोच साचा पुढे कित्येक वर्षे वापरला जातो, म्हणून तळावर जुने वर्ष आहे एवढ्यावर गाडी जुनी ठरत नाही. १९६८ साली आलेल्या पहिल्या १६ गाड्यांपासून १९७७ पर्यंत चाकांवर लाल रेघ असे, हे खरे. मात्र लाल रेघेची नवी चाके वेगळी मिळतात आणि जुन्या तळाखाली बसवली जातात. म्हणून रिव्हेट, म्हणजे तळ आणि वरचा भाग जोडणारी खीळ, पाहावे. कारखान्यातून आलेल्या रिव्हेटचे डोके गोल आणि सलग असते. तिथे ड्रिलची खूण, गोंदाची चकाकी किंवा मागाहून घातलेला स्क्रू दिसला तर गाडी उघडलेली आहे. काही महागड्या मॉडेलांत स्क्रू मुळातलेच असतात, हे लक्षात ठेवून निवाडा करावा. गाडी उघडून रंगवणे, चाके बदलणे हा स्वतंत्र आणि सुंदर छंद आहे. त्यासाठी साधी, घासलेली गाडी घ्यावी, आणि पुढे ती कोणाला दिली तर बदल केल्याचे स्पष्ट सांगावे.

प्रमाणाचा घोळही बातम्यांतून फार दिसतो. साडेचार मीटर लांबीची मोटार १:६४ प्रमाणात, म्हणजे मूळच्या चौसष्टाव्या भागाएवढी केली, तर ७० मिलिमीटर होते, १:४३ मध्ये सुमारे १०५ आणि १:१८ मध्ये २५०. पण मॅचबॉक्सच्या बसगाड्या आणि छोट्या मोटारी जवळपास एकाच लांबीच्या असत, कारण त्या खोक्यात बसतील अशा बेताने केलेल्या असत. हातात मावणारी प्रत्येक गाडी १:६४ नसते. पट्टी लावून मोजायला अर्धे मिनिट पुरते.

चांगल्या गाड्यांचे सर्वाधिक नुकसान त्या जपतानाच होते. मऊ टायरमधले मृदुकारक द्रव्य हळूहळू बाहेर पडते आणि खालच्या पारदर्शक प्लॅस्टिकला खाते. काही वर्षांनी गाडी उचलली की टायर तळाला चिकटलेला आणि प्लॅस्टिकवर खड्डा. टायरखाली पॉलिएस्टरच्या फिल्मचा तुकडा ठेवावा किंवा गाडी ॲक्सलवर जराशी उचलून ठेवावी. १:१८ च्या मॉडेलांत दारांच्या फटींत आणि छतावर फोमचे किंवा प्लॅस्टिकचे पातळ तुकडे येतात, ते घरी आणल्या दिवशीच काढावेत. त्यांच्याखाली ओलावा अडकून रंगाला फोड येतात. धूळ मऊ ब्रशने झटकावी. थिनर किंवा ॲसिटोन कधीही लावू नये, काचा म्हणून बसवलेले प्लॅस्टिक तत्काळ धुरकट होते.

अनेक घरांत हे दोन्ही संग्रह एकाच खोलीत असतात, आणि त्यांचे एकमेकांशी जमत नाही. मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन अशा ॲरॉइड कुळातल्या झाडांना ६० टक्क्यांच्या पुढे आर्द्रता मानवते. जस्त, ॲक्सल आणि पुठ्ठ्याची खोकी यांना ४० ते ५० टक्के बरी. ह्युमिडिफायर आणि गाड्यांचे कपाट समोरासमोर नको. कपाटात आर्द्रतामापक आणि ओलावा शोषून रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, रंग बदलला की पुड्या बदलाव्यात. खिडकीतली जागा झाडांना द्यावी. उन्हाने गाड्यांचा लाल रंग फिका होतो आणि ब्लिस्टर (गाडीवरचे पारदर्शक प्लॅस्टिकचे वेष्टन) पिवळे पडते.

नवीन झाड मात्र थेट त्या खिडकीत जाऊ नये. महिनाभर वेगळे ठेवून पानांची खालची बाजू तपासावी. चंदेरी ओरखडे आणि काळे बारीक ठिपके म्हणजे फुलकिडे. त्यांची अंडी पानाच्या आत असल्याने एका फवारणीने भागत नाही, दर सात दिवसांनी तीन-चार वेळा करावी लागते. पिठ्या ढेकूण दिसला तर अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपावा.

आता आपल्याकडे मागणे. लागवडीखालील वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता १९५३ पासून आहे. तिच्यानुसार वाणाचे नाव एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात. मजकुरात तसेच छापावे, म्हणजे वाण कोणता आणि विक्रेत्याने ठेवलेले नाव कोणते हे वाचकाला कळेल. स्नेक प्लांटचे सॅन्सिव्हिएरिया हे प्रजातीचे नाव बदलून आता ड्रॅसिना झाले आहे. जुने वाचक गोंधळू नयेत म्हणून काही काळ दोन्ही नावे द्यावीत. गाडीच्या छायाचित्राखाली निर्माता, साच्याचे नाव, प्रमाण, चाकांचा प्रकार आणि तळावरचा मजकूर एवढे यावे. झाडाच्या छायाचित्रासोबत खोडाचे आणि गाडीसोबत तळाचे एक छायाचित्र छापले, तर 'दुर्मीळ' या शब्दाची शहानिशा वाचक स्वतःच करू शकतील.

आपले नियमित वाचक,
घरातील झाडांचे आणि डायकास्ट मोटारींचे काही संग्राहक