सूनबाईला आत्ता कणकुंबीला नको

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

तू मोबाइलवर पाठवलेलं सूनबाईचं तायी कार्ड, ते गरोदरपणातल्या तपासण्यांचं, गावातल्या आशाताईंना दाखवलं. आजवर ११०-७० च्या आसपास असलेलं बीपी सातव्या महिन्यात एकदम १४८-९६? विसाव्या आठवड्यानंतर १४०-९० च्या वर गेलं की डॉक्टर ते साधं धरत नाहीत, लघवीतून प्रोटीन जातंय का तेही बघतात. तो रिपोर्ट काय आला, तू लिहिलं नाहीस. आजच विचार.

तिला काही त्रास नाही म्हणून तिची बीपीची गोळी अर्धी करू म्हणालास. तसं करू नकोस रे. बीपी वाढलेलं बाईला कळतच नाही, ते मोजूनच कळतं. आणि तुझ्या बाबांची बीपीची गोळी तिला चुकूनही देऊ नका. त्यातल्या काही गोळ्या पोटातल्या बाळाच्या किडनीला घातक असतात.

आता माहेरचं. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विहीणबाईंचा जीव आहे, मला कळतं. पण तिच्या माहेरचा, कणकुंबीचा पाऊस तुला माहीत आहे. लाइट जाते, रेंज जाते, रस्त्यावर झाड पडलं की गाडी अडकते. अशा रात्री तिचं डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे चमकलं, उजवीकडे बरगडीखाली दुखलं, तोंड-हात एकाएकी सुजले किंवा बाळ कमी हललं, तर सकाळची वाट बघायची नसते. झटके आले तर मॅग्नेशियमचं इंजेक्शन लागतं, त्याच रात्री सिझर करणारे डॉक्टर लागतात. गरोदरपणातला हा बीपीचा आजार बाळ आणि वार बाहेर आल्यावरच उतरणीला लागतो, म्हणून कधी कधी दिवस भरायच्या आधीच बाळंत करावं लागतं. मग त्या बाळाला काचेची पेटी लागते. हे सगळं बेळगावात आहे, बिम्सच्या सरकारी दवाखान्यात आहे. अनगोळच्या तुमच्या खोलीवरून रिक्षाने लगेच पोचता येतं.

विहीणबाईंनीच तिथे येऊन राहावं. शेतातलं उरकून मीही येते. बाळंत झाली की संपलं असंही नाही, झटके नंतरही येऊ शकतात, म्हणून सहा आठवडे बीपी बघत राहायचं. ते उतरलं की खुशाल माहेरी जाऊ दे, हवे तितके दिवस राहू दे.

विहीणबाईंशी मी बोलते. रागावल्या तर माझ्यावर रागावतील. तू रिपोर्ट आण, गोळी चुकवू देऊ नकोस.

तुझी आई