आभासी परिषदेत मध्यंतरही हवे

आभासी वास्तवातील (व्हीआर), म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून संगणकाने उभारलेल्या त्रिमितीय जगात भरणाऱ्या परिषदांवरचा लेख (रविवार पुरवणी) वाचला. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रापर्यंत न जाताही परिषद अनुभवता येईल, हा त्यातील उत्साह पटतो. पण सगळा भर सभागृह हुबेहूब उभारण्यावर दिसला. व्याख्यान साध्या पडद्यावरही ऐकता येते. परिषदेत माणूस शिकतो तो बरेचदा मध्यंतरात, वक्त्याला गाठून शंका विचारताना.

मार्च २०२० मध्ये अटलांटात व्हायची ‘आयट्रिपलई व्हीआर’ ही आभासी वास्तवावरील संशोधन परिषद करोनामुळे ऑनलाइन घ्यावी लागली. तेव्हा व्याख्यानांच्या थेट प्रक्षेपणाबरोबरच ‘मोझिला हब्ज’ या आभासी भेटीगाठींच्या संकेतस्थळावर छोटी दालने होती. एका दालनात साधारण २५ जणच नीट सामावत आणि आवाज अंतरानुसार कमी-जास्त ऐकू येई. त्यामुळे एखाद्या घोळक्यात डोकावता येते, कंटाळा आला तर हळूच सटकताही येते (व्हिडिओ बैठकीत ही सोय कुठे?). हेडसेट नसलेल्यांना ब्राउझरमधूनही प्रवेश होता.

ठाणे-नवी मुंबईतील महाविद्यालयांनी हेडसेटच्या निविदा काढण्याआधी दोन सत्रांमध्ये अर्धा तास मोकळा ठेवावा आणि नवख्यांची ओळख करून देणारे यजमान नेमावेत.

– एक निवृत्त प्राध्यापक, नेरुळ, नवी मुंबई