दोष जातीत नाही, कोब्यात आहे

मा. संपादक,

मादी दुसऱ्या वेतातच पायाने गेली की वराहपालक जातीला दोष देतात आणि नव्या माद्या शोधू लागतात. मादी वाढवण्याचा खर्च साधारण तिसऱ्या वेताला फिटतो. तिथवर ती का पोचत नाही, हे कळायला आधी तिच्या पायाखाली बघावे.

मिस्त्री शेडचा कोबा ओसरीसारखा घोटून गुळगुळीत करतो. धुतल्यावर त्यावर दीड-दोन क्विंटलची गाभण मादी घसरते, मागचे पाय फाकतात. कोबा सतत ओला राहिला तर खूर मऊ पडतो, भेगाळतो, भेगेत पू होतो. लंगडी मादी पाण्यासाठी उठत नाही. लघवी तुंबते, घाणीत पडून राहिल्याने जंतू आत चढतात. मग ती गाभण न राहता पुन्हा पुन्हा माजावर येते (उलटते) आणि ‘भाकड’ म्हणून विकली जाते.

कोबा ओला असतानाच खराट्याने नालीच्या दिशेने रेघा ओढाव्यात. उतार फुटाला पाव इंच. नवा कोबा पाणी मारून पुरता पिकल्यावर, चांगला धुऊनच जनावर आत घ्यावे. ताजे सिमेंट खूर आणि सड जाळते.

दुसरा मार उन्हाचा. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो आणि डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. पिले पाजणारी मादी २५ अंशांपुढेच खाणे कमी करते, दूध अंगावरच्या चरबीतून देते. खांद्याचे हाड वर येते, कोब्याला घासून जखम होते. बंद शेडमध्ये फॉगर (पाण्याचे धुके सोडणारे यंत्र) लावला तर नुसता दमटपणा वाढतो. मानेवर थेंब पडतील अशी नळी सोडावी, दोन मिनिटे चालू, दहा मिनिटे बंद, जोडीला पंखा. पिलांची जागा मात्र कोरडीच हवी. टिनांवर तणस टाकावे. मादी जिथून पाणी पिते त्या निपलखाली लिटरचा मग धरावा. अर्ध्या मिनिटात भरला पाहिजे. उन्हातल्या काळ्या टाकीचे पाणी दुपारी हाताला चटका देते, ते मादी कशी पिणार?

व्हिडिओ पाहून माद्या कायम पिंजऱ्यात ठेवण्याचीही टूम आहे. त्याने पायातले बळ जाते. युरोपीय संघात २०१३ पासून, फळवल्यानंतरच्या चार आठवड्यांपासून व्यायच्या आठवडाभर आधीपर्यंत माद्या गटात ठेवणे बंधनकारक आहे. आपल्याकडे गटात प्रत्येकीला २४ चौरस फूट तरी द्यावे.

राष्ट्रीय पशुधन अभियानातून वराहपालनाला ५० टक्के भांडवली अनुदान मिळते. शेडची पाहणी करताना अधिकाऱ्यांनी चौरस फूट मोजावेतच, पण कोब्यावर बादलीभर पाणीही ओतावे. ते नालीत न जाता डबके करून राहिले, तर पुढचा हप्ता दुरुस्तीनंतरच सोडावा.

— वराहपालकांसोबत काम करणारे पशुवैद्यक, भंडारा जिल्हा