नेहमीचंच म्हणालो, ते खरं नव्हतं

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्रीचे साडेदहा

चि. माऊ हिस अनेक आशीर्वाद.

गुरुवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, सध्या काय ऐकताय?" आणि मी "नेहमीचंच" म्हणून फोन आईच्या हातात दिला. एक तर गॅसवर दूध होतं, ते उतू गेलंच. दुसरं म्हणजे उत्तर लांबलचक होतं आणि तुझी जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. तेव्हा आता सवडीने लिहितो. मोबाइलवर एवढं टाइप करणं माझ्या अंगठ्यांना झेपत नाही. आई म्हणते, कागदावर लिहा आणि फोटो काढून पाठवा. पाठवणार नाही. उद्या पोस्टात टाकणार.

आमची शनिवारची प्रोगची, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकच्या लांबलचक गाण्यांची, बैठक चालू आहे. चौघांतला एक घोडबंदरला राहायला गेल्यापासून येत नाही. शनिवारी संध्याकाळी माजिवडा ओलांडून येण्यापेक्षा पुण्याहून येणं सोपं, असं त्याचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नाही. बँकवाले काका आणि डॉक्टरकाका मात्र सातच्या ठोक्याला हजर. नियम तेच जुने. एकाने एक अल्बम आणायचा, पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत ऐकायचा, मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही, फोन चकलीच्या डब्यात. डबा स्टीलचा, त्यामुळे आत फोन थरथरला की थाळीवर वाटाणे पडल्यासारखा आवाज व्हायचा. आईने आता तळाला जुना टॉवेल घातलाय. लाल पुठ्ठ्याची ती खतावणीसुद्धा तीच, बँकवाल्यांच्या अक्षरातली: तारीख, कोणी आणला, अल्बम, साल, शेरा. शेऱ्याचा रकाना वाचण्यासारखा असतो. मागच्या महिन्यात एका ओळीत "उत्तम, डॉक्टर घोरले" असं आहे.

ते घोरले ते स्वतःच आणलेल्या अल्बमला. येस या बँडचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स', १९७३ चा. दोन तबकड्या, चार बाजू, चार गाणी, एकेक गाणं अठरा-वीस मिनिटांचं. त्यांचा गायक जॉन अँडरसनने योगानंदांच्या आत्मचरित्रातली एक तळटीप वाचली, तिच्यात श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्र असे शास्त्रांचे चार भाग सांगितले होते, आणि त्यावरून या माणसाने चार बाजू भरल्या. डॉक्टर मोठ्या अभिमानाने सांगत होते, बघा, हे सगळं आपलंच. बँकवाले म्हणाले, "तरीच इतकं लांबलं." त्यांच्या कीबोर्डवाल्या रिक वेकमनलाही ते लांबलेलं वाटत असावं. मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्याने चालू मैफलीत कीबोर्डांच्या मधे बसून करी खाल्ली होती. पुढच्याच वर्षी बँड सोडला. मला विचारशील तर पहिली बाजू चांगली आहे, चौथी बरी आहे, आणि मधल्या दोन बाजूंत डॉक्टरांचं काही चुकलं नाही. येस ऐकायचा तर 'क्लोज टू द एज'. तीन गाणी, अडतीस मिनिटं, एक क्षण फुकट नाही.

त्याच्या आधीच्या शनिवारी माझी पाळी होती. मी 'फॉक्सट्रॉट' लावला. जेनेसिस या बँडचा, १९७२ चा. या अल्बमची एक गोष्ट तुला कधी सांगितली नाहीये.

कॉलेजात असताना एका मित्राचा भाऊ बोटीवर होता. त्याने ती तबकडी आणली आणि आम्ही पाचसहा जणांनी तिच्यावरून कॅसेटी भरून घेतल्या. नव्वदची कॅसेट, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. दुसऱ्या बाजूला आधीच जेथ्रो टल या बँडचा 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' होता, तो पुसायचा प्रश्नच नव्हता. आणि 'फॉक्सट्रॉट' एकावन्न मिनिटांचा. शेवटचं गाणं 'सपर्स रेडी', तेवीस मिनिटांचं, सात तुकड्यांचं. सहाव्या तुकड्यात ढोल आणि बेस नऊ मात्रा धरून बसतात, काही झालं तरी हलत नाहीत, आणि वर टोनी बँक्सचा ऑर्गन आपल्याच हिशोबाने फिरत राहतो. तबलजीने ठेका सोडू नये आणि गाणाऱ्याने समेची फिकीर करू नये, तसं. तो ऑर्गन नुकता रंगात येतोय आणि खट्. टेप संपली.

बारा वर्षं मी ते गाणं तिथपर्यंतच ऐकलं. पुढे काय होतं हे माहीत नसल्यामुळे लोकलमध्ये, कंपनीच्या बसमध्ये, तुझ्या आईला बघायला गेलो त्या दिवशीसुद्धा, मी ते मनात पुढे वाजवायचो. मग काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून सीडी आणली. तू तेव्हा चार वर्षांची, आजीकडे होतीस. दार लावून ऐकलं. मेलोट्रॉन या कीबोर्डचा लोंढा, घंटा, पीटर गॅब्रिएल जिवाच्या आकांताने गातोय, स्वर्ग जमिनीवर उतरतोय. जग ज्या शेवटावर ओवाळून टाकतं तो शेवट. आणि मला तो आवडला नाही. माझा मनातला शेवट जास्त चांगला होता. अजूनही ऐकताना ती जागा आली की आतल्या आत खट् होतंच.

असो. मुख्य सांगायचं ते वेगळंच आहे.

तळमजल्यावर भाडेकरू म्हणून एक मुलगा आलाय. ऐरोलीला आयटीत आहे, सकाळी ठाण्याहून वाशी गाडीने जातो. एका शनिवारी त्याने बेल वाजवली. मला वाटलं, आवाज कमी करा म्हणून आला. तर म्हणाला, "काका, क्रिमझन लावलंय का?" आम्ही किंग क्रिमझन बँडचा 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग' ऐकत होतो. नियम मोडून मीच उठलो आणि त्याला आत घेतलं. तुझी आई मेलोट्रॉनला "सर्दी झालेली पेटी" म्हणते. त्या मुलाने तिला बसून समजावलं की प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो, त्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा सूर भरलेला, पट्टी दाबली की टेप पुढे सरकते, आठेक सेकंदांत संपते, मग बोट उचलावंच लागतं. आई म्हणाली, "म्हणजे दम लागतो बिचाऱ्याला." मी चाळीस वर्षं हे वाद्य ऐकतोय, मला हे वाक्य सुचलं नव्हतं.

पोरगा अभ्यासू आहे. मॅरिलियन या बँडने २००१ चा अल्बम करण्याआधी चाहत्यांकडून आगाऊ पैसे मागितले आणि बारा हजारांहून जास्त लोकांनी न ऐकताच ते भरले, असं त्याने सांगितलं, तेव्हा बँकवाले खूश. "भिशीच की!" त्या दिवसापासून त्याला खतावणीत जागा मिळाली.

मागच्या शनिवारी त्याची पहिली पाळी होती. त्याने स्टीव्हन विल्सनचा 'हँड. कॅनॉट. इरेज.' आणला, २०१५ चा. नाव कुठे तरी वाचलेलं वाटलं. दुसऱ्या गाण्याला लख्ख आठवलं. तुझ्या खोलीच्या दाराला आतून चिकटवलेलं ते चित्र, निळ्या उजेडातला मुलाचा चेहरा. पॉर्क्युपाइन ट्री. त्या बँडचा हाच तो माणूस.

त्या अल्बममागे लंडनमधल्या एका बाईची खरी गोष्ट आहे. अडतीस वर्षांची. बहिणी होत्या, मित्रमैत्रिणी होत्या, चांगल्या नोकऱ्या केलेल्या. ती घरात वारली आणि दोन वर्षांहून जास्त काळ कोणाला कळलंच नाही. दार फोडलं तेव्हा टीव्ही चालू होता आणि ख्रिसमसच्या भेटी कागदात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. विल्सनने तिच्यावरून एक मुलगी रचली आणि सहासष्ट मिनिटं तिच्यासोबत राहिला. शेवटाकडे एक गाणं आहे, 'हॅपी रिटर्न्स'. ती भावाला पत्र लिहिते. बरेच दिवस लिहिलं नाही म्हणते, मुलांसाठी भेटी आणल्यात म्हणते, आणि मग झोप येतेय, उरलेलं उद्या लिहीन म्हणून थांबते.

गाणं संपल्यावर कोणी उठलं नाही. डब्यात डॉक्टरांचा फोन दोनदा वाजला. बँकवाल्यांनी वही उघडली, शेऱ्यावर पेन टेकवलं आणि नुसतं "पुन्हा लावा" लिहिलं. पुन्हा लावलं नाही, साडेनऊ वाजून गेले होते.

तू बंगळुरूत एकटी राहतेस म्हणून हे लिहीत नाहीये. बरं, थोडं त्यासाठीही लिहितोय. पण जास्त करून २००९ साठी.

डिसेंबर होता. पवईला आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात पॉर्क्युपाइन ट्री येणार होते. जेवताना तू विचारलंस, तिघी मैत्रिणी आहोत, जाऊ का? मी म्हणालो, परीक्षा तोंडावर आहे. मग म्हणालो, रात्री कांजूरमार्गला गाडी कधी मिळणार. तू म्हणालीस, एकीचे वडील न्यायला येणार आहेत. मग मी म्हणालो, "आणि ते काय खरं प्रोग आहे का? नक्कल आहे सगळी." तू ताटातला भात संपवलास, ताट उचललंस आणि गेलीस. पुन्हा विषय काढला नाहीस. चित्रही बरेच दिवस दारावर तसंच होतं, म्हणून मला वाटलं, विसरली.

परीक्षा हे कारण नव्हतं माऊ. गाडीही नव्हतं. बंद दारातून वीस मिनिटं ऐकून मी ठरवून टाकलं होतं की १९७७ नंतर कोणी काही केलेलं नाही, आणि माझ्या पोरीने माझ्या कपाटातलं सोडून दुसरीकडे जावं हे मला आवडलं नव्हतं. इतकंच होतं. हे कबूल करायला मला शनिवारी त्या पोराने सीडी आणावी लागली.

त्याच्याही मागे जातो, आता लिहायला बसलोच आहे तर. फेब्रुवारी २००७, तुझी दहावी. वांद्रे-कुर्ला संकुलात पिंक फ्लॉइडचा रॉजर वॉटर्स आला, 'डार्क साइड ऑफ द मून' अख्खा वाजवणार होता. मी दोन तिकिटं काढली आणि बँकवाल्यांना घेऊन गेलो. आणि ज्या मुलीने आठ वर्षांची असताना स्वयंपाकघरात ताटावर चमच्याने त्यातल्याच 'मनी' गाण्याचे सात मोजले होते तिला इतिहासाचं पुस्तक देऊन घरी ठेवलं. तुला आठवतं का? रूपकाचे सात तुला मी शिकवलेच होते, तीन-दोन-दोन. तू ते धरून बसलीस आणि गिटार सुरू झाल्यावर एकदम थांबून म्हणालीस, "बाबा, इथे चार झाले." खरंच चार होतात. मी ते गाणं वीस वर्षं ऐकत होतो, मला कधी जाणवलं नव्हतं.

त्या रात्री मी एकच्या सुमाराला घरी आलो, तू जागी होतीस. दारातच विचारलंस, "गिटारला चारच केले का?" मी म्हणालो, "हो, झोप आता."

चुकलं माझं. दोन्ही वेळेला.

गेल्या आठवड्यात पॉर्क्युपाइन ट्रीचा रोज एक अल्बम ऐकतोय. 'इन अ‍ॅब्सेन्शिया' फार आवडला. 'फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट'मधलं सतरा मिनिटांचं गाणं दोनदा ऐकलं, मधला दणदणाट अजून पचत नाही, पण ढोल वाजवणारा गॅव्हिन हॅरिसन फार मोठा माणूस आहे. त्याचे हिशोब मला कागद घेऊन मांडावे लागतात. 'द इन्सिडेंट' अजून हात लावलेला नाही. तोच घेऊन ते त्या वर्षी आले होते ना? तो तू आल्यावर.

आई झोपली. समोरच्या इमारतीचं पाडकाम चालू आहे, दिवसभर ड्रिल, रात्री तेवढी शांतता. झोप मलाही आली आहे, पण त्या गाण्यातल्या मुलीसारखं उरलेलं उद्यावर टाकणार नाही.

खतावणीत येत्या दुसऱ्या शनिवारची तारीख घालून पुढे तुझं नाव लिहून घेतलंय. बँकवाले म्हणाले, हजर नसलेल्याला पाळी देता येत नाही, नियम आहे. तळमजल्यावरच्याने सांगितलं की फोन स्पीकरला जोडून चालू ठेवता येतो, फक्त तो एक डब्यात घालायचा नाही. डॉक्टरांचं मत आमच्या बाजूने पडलं. अल्बमचा रकाना मोकळा आहे. हे पत्र मिळालं की लगेच कळव, कारण शुक्रवारपर्यंत नाव आलं नाही तर बँकवाले तिथे कॅमलचा 'स्नो गूज' घुसवणार, आणि तो आम्ही आतापर्यंत सहा वेळा ऐकलाय.

तुझा,
बाबा