स्लाइस म्हणजे कॉपी की मूळ ॲरे, ते आधी सांगा

माननीय संपादक,

आपल्या विद्यार्थी पुरवणीतील प्रोग्रॅमिंगच्या सदरात ‘ॲरेचा हवा तेवढा भाग वेगळा काढणे म्हणजे स्लाइसिंग’ असे वाचले. (ॲरे म्हणजे ओळीने ठेवलेले घटक, आणि असा काढलेला भाग म्हणजे स्लाइस.) लेखकाला दोष देत नाही. भाषांच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्येही असेच मोघम लिहिलेले सापडते. पण मी कॉलेजात प्रॅक्टिकल घेते आणि या ‘वेगळा काढणे’ने केलेला घोळ मलाच निस्तरावा लागतो.

स्लाइस घेताना शेवटचा इंडेक्स, म्हणजे जागेचा क्रमांक, धरत नाहीत, याबद्दल माझी तक्रार नाही. १ ते ४ म्हटले की १, २, ३ या जागा मिळतात (जागा ० पासून मोजतात, म्हणून १ ही दुसरी जागा). मुले थोडी कुरकुरतात, मग सवय होते. शिवाय ४ मधून १ वजा केला की किती घटक आले ते लगेच कळते. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्येच या पद्धतीची बाजू मांडली होती.

खरी गोची पुढेच आहे. १०, २०, ३०, ४०, ५० यांतून १ ते ४ अशी स्लाइस घ्या आणि तिचा पहिला घटक ९९ करा. पायथन भाषेच्या लिस्टमध्ये मूळचे २० जागच्या जागी राहतात. नमपाय या पायथनच्याच आकडेमोडीच्या लायब्ररीतील ॲरेवर हेच करा. लिहायचे तेच [1:4], कंस तोच, कोलन तोच, आणि मूळ ॲरेतले २० गायब! पहिल्या वेळी कॉपी मिळाली, दुसऱ्या वेळी व्ह्यू, म्हणजे मूळ मेमरीच. (लिस्टमध्ये लिस्ट असेल तर ती कॉपीही वरवरचीच, पण ते असो.)

गो भाषेत तर आणखी मजा. त्याच पाच आकड्यांच्या ॲरेमधून १ ते ३ घेतले की २० आणि ३० मिळतात. त्यांना ९९ अपेंड केले, म्हणजे शेवटी जोडले, की मूळचे ४० पुसले जातात, कारण स्लाइसची लेंग्थ २ असली तरी कपॅसिटी, म्हणजे मूळ ॲरेच्या शेवटापर्यंतची जागा, ४ असते. आणखी एक अपेंड केला की ५० जातात. तिसऱ्या अपेंडला मात्र नवा ॲरे तयार होतो आणि मूळ ॲरेशी संबंध तुटतो. व्हायवात हे विचारले की हुशार मुलेही गप्प बसतात.

त्यात शब्दही धड एका अर्थाचा नाही. पायथनच्या शब्दसूचीत अनेक वर्षे स्लाइसची व्याख्या ‘बहुधा सीक्वेन्सचा काही भाग असलेला ऑब्जेक्ट’ अशा अर्थाची होती. प्रत्यक्षात स्लाइस नावाच्या ऑब्जेक्टमध्ये असतात फक्त स्टार्ट, स्टॉप आणि स्टेप, म्हणजे कुठून, कुठपर्यंत आणि किती अंतराने. डेटाचा कणही नाही. जावास्क्रिप्टमध्ये स्लाइस मूळ ॲरेला हात लावत नाही आणि स्प्लाइस त्याचीच कापाकापी करते. नवशिक्याने या एका अक्षरावर किती भरवसा ठेवायचा?

डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्यांनी ‘कॉपी मिळते’ किंवा ‘मूळ मेमरीच मिळते’ हे पहिल्याच वाक्यात लिहावे, चार परिच्छेदांखालच्या टिपेत नको. आपल्या सदराच्या लेखकांनाही तीच विनंती. पुढच्या लेखात हा पाच आकड्यांचा प्रयोग खुशाल छापा, फक्त भाषा कोणती आणि लिस्ट की ॲरे, हे सोबत लिहा.

— प्रोग्रॅमिंग शिकवणारी एक वाचक