रेखांश आणि भागाकार

महोदय,

पाचवी ते सातवीच्या मुलांवर विषयांचा भार फार झाला असून काही विषय वगळावेत, असे सुचवणारा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. भार आहे, हे मान्य. पण एकाच गोष्टीचे तुकडे वेगवेगळ्या वह्यांत, परस्परांशी ओळखही न करून देता शिकवले जातात, म्हणून तो अधिक जाणवतो.

माझी मुलगी परवा भूगोलाचे पाठांतर करत होती : ‘एका रेखांशाला ४ मिनिटे.’ का, असे विचारल्यावर म्हणाली, ‘‘पुस्तकात दिलंय.’’ आदल्याच आठवड्यात गणितात तिने कोनमापकाने कोन मोजले होते; पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश तिला ठाऊक होते. पृथ्वी दिवसभरात स्वतःभोवती एक पूर्ण फेरी घेते, म्हणून दिवसाची १४४० मिनिटे भागिले ३६०, एवढाच भागाकार करायला लावला. उत्तर पाहून ती हसली आणि घोकंपट्टी थांबली. प्राचीन ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सूर्यकिरणांचा सुमारे ७.२ अंशांचा कोन, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग, मोजून पृथ्वीचा परीघ काढला. ही हकिगत भूमितीच्या तासाला सांगायची की भूगोलाच्या, हा प्रश्न फक्त वेळापत्रकाला पडतो.

नकाशाचे प्रमाण गुणोत्तराच्या धड्यालाच जोडून घेतले, तर एखादी तासिका नक्की वाचेल. त्यासाठी विषय काढण्याची गरज नाही. गणित आणि भूगोलाच्या शिक्षकांना सत्राच्या आरंभी एकत्र बसून धड्यांचा क्रम जुळवायला एक दिवस द्यावा.

— एक पालक